कॉन्सुलेट बंद, तारीख नाही: अमेरिकेच्या जोडीदार व्हिसाची वाट पाहताना काय करत राहायचं

भारतातल्या नवऱ्याला किंवा बायकोला अमेरिकेत कायमचं न्यायचं असेल, तर इमिग्रंट व्हिसाची मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये होते. उमेदवार नागपूरचा असो, कोचीचा असो की गुवाहाटीचा, खिडकी हीच. त्यामुळे ही एक कचेरी थांबली की देशभरातल्या जोडप्यांची रांग थांबते. १६ मार्च २०२० पासून भारतातल्या सगळ्या व्हिसा अपॉइंटमेंट रद्द झाल्या, २० मार्चला जगभरचं नेहमीचं व्हिसाकाम बंद झालं आणि जुलैपासून ते टप्प्याटप्प्यानं सुरू झालं. कागद पूर्ण होऊन फक्त तारखेसाठी अडलेल्या केसेस २०१९ मध्ये जगभरात सरासरी ६० हजारांच्या आसपास होत्या. २०२२ च्या सुरुवातीला त्या चार लाखांवर गेल्या होत्या. म्हणजे कचेरीचं दार उघडलं तरी साचलेली गर्दी ओसरायला पुढे कित्येक महिने जातात. त्या महिन्यांत रांगेतली जागा आपल्याला हलवता येत नाही. पण कागदांची मुदत संपत राहते, आणि बहुतेक केसेस तिथेच अडकतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: नेमकं काय बंद आहे? वॉशिंग्टनमध्ये बजेट अडून सरकारी शटडाउन झालं, तरी व्हिसाचं काम सहसा चालू राहतं, कारण त्याचा खर्च अर्जदारांच्या फीमधून भागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ च्या शटडाउनमध्येही मुलाखती चालू होत्या. ‘शटडाउन’ ऐकून तिकिटं रद्द करू नका. सुट्ट्यांचं म्हणाल तर कॉन्सुलेट भारतीय आणि अमेरिकन दोन्ही सुट्ट्या पाळतं. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: कचेरी उघडी, पण ठरावीक वर्गाला व्हिसा देण्यावर राष्ट्राध्यक्षांच्या हुकमानं बंदी. एप्रिल २०२० च्या अशा हुकमातून अमेरिकन नागरिकांचे जोडीदार वगळले होते, ग्रीन कार्डधारकांचे जोडीदार मात्र अडकले आणि २४ फेब्रुवारी २०२१ ला तो हुकूम मागे घेईपर्यंत अडकून राहिले. म्हणून बातमी वाचताना आपला वर्ग कोणता, हे आधी बघा. नागरिकाचा जोडीदार असेल तर आयआर१ (लग्नाला दोन वर्षं झाली असतील तर) किंवा सीआर१ (त्याहून कमी असतील तर), ग्रीन कार्डधारकाचा असेल तर एफ२ए.

फाइल कोणाच्या टेबलावर आहे?

अमेरिकेतल्या जोडीदारानं भरलेला आय-१३० हा अर्ज मंजूर झाला की केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते. तिथे मुंबईच्या केसला ‘बीएमबी’ने सुरू होणारा नंबर मिळतो, जुन्या बॉम्बेची तेवढी खूण अजून शिल्लक आहे. आर्थिक जबाबदारीच्या प्रतिज्ञापत्राच्या, म्हणजे आय-८६४ च्या, तपासणीची फी १२० डॉलर आणि व्हिसाची फी माणशी ३२५ डॉलर भरायची, डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा फॉर्म भरायचा, आय-८६४ आणि दाखले अपलोड करायचे. सगळं तपासून झालं की ‘डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड’ असा ईमेल येतो. लोक त्याला नुसतं ‘डीक्यू’ म्हणतात. त्या ईमेलची तारीख जपून ठेवा, कारण त्याच तारखेच्या क्रमानं त्या-त्या वर्गातल्या मुलाखती लागतात. आय-१३० कधी भरला होता, हे नागरिकाच्या जोडीदाराच्या बाबतीत इथे मोजलं जात नाही. कॉन्सुलेट बंद आहे म्हणून ‘कशाला घाई’ असं म्हणत एनव्हीसीचा टप्पा लांबवणारे इथेच मागे पडतात. बंदच्या काळातही एनव्हीसी कागद तपासत असतं. त्या काळात डीक्यू मिळवलं तर दार उघडेल तेव्हा तुम्ही रांगेत आधीपासून उभे असता.

सीइएसी या सरकारी साइटवर केस नंबर टाकला की फाइल कुठे आहे ते दिसतं. ‘अ‍ॅट एनव्हीसी’ असेल तर प्रश्न एनव्हीसीच्या चौकशी फॉर्मवरून विचारायचा. ‘इन ट्रान्झिट’ किंवा ‘रेडी’ असेल तर फाइल मुंबईकडे गेली आहे आणि एनव्हीसीच्या हातात काही उरलेलं नाही. मुलाखतीची तारीख मिळून ती बंदमुळे रद्द झाली असेल, तर हे बघणं फार महत्त्वाचं, कारण फाइल मुंबईत असेल तर नवी तारीख मुंबईच देते. एनव्हीसीला दर आठवड्याला एकच प्रश्न पाठवून काही होत नाही. उत्तरांची रांग मात्र सगळ्यांचीच लांबते. त्यापेक्षा परराष्ट्र खात्याच्या साइटवरचं ‘आयव्ही शेड्युलिंग स्टेटस टूल’ महिन्यातून एकदा उघडा. मुंबईत तुमच्या वर्गात सध्या कोणत्या महिन्याच्या डीक्यूवाल्यांना तारखा मिळताहेत ते तिथे कळतं. दोन-तीन महिन्यांची नोंद ठेवली की रांग कोणत्या वेगानं सरकते आहे याचा अंदाज स्वतःच बांधता येतो.

वर्षातून एकदा तरी सीइएसी खात्यात लॉगइन करा. वर्षभर एनव्हीसीशी काहीच संपर्क नसेल तर केस बंद होण्याचा धोका असतो. आणि ईमेल पत्ता बदलला तर तो लगेच कळवा, कारण मुलाखतीचं पत्र ईमेलनेच येतं. स्पॅमचा फोल्डर दोघांनीही बघत जावा.

कोणता कागद कधी शिळा होतो

मेडिकल सगळ्यात लवकर संपतं. कॉन्सुलेटनं नेमलेल्या पॅनेलच्या डॉक्टरांकडचीच तपासणी चालते आणि ती साधारण सहा महिने ग्राह्य असते. व्हिसाची मुदतही त्याच तारखेला बांधलेली असते. २०२० मध्ये ज्यांनी मुलाखतीआधी मेडिकल उरकलं होतं, त्यांच्यातल्या अनेकांना कचेरी उघडल्यावर ते पुन्हा करावं लागलं. म्हणून मुलाखतीचं पत्र हातात येईपर्यंत मेडिकलची अपॉइंटमेंट घेऊ नका. आधी करण्यासारखं आहे ते लसीकरण. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला यांच्या नोंदी शोधून ठेवा. लहानपणीचं कार्ड नसेल तर लशी फॅमिली डॉक्टरकडे सावकाश घेता येतात. नोंदीवर तारीख, लशीचं नाव, डॉक्टरची सही-शिक्का हवा. कोविडची लस ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीची होती. २०२५ मध्ये ती अट काढली.

मेडिकलमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो तो क्षयरोगाच्या शंकेनं. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे होतो. जुना बरा झालेला डागसुद्धा दिसला तर तीन वेगवेगळ्या दिवशी थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरच्या निकालासाठी आठ आठवडे थांबावं लागतं. पूर्वी टीबीचा कोर्स झाला असेल तर त्याची फाइल, औषधांच्या नोंदी, जुन्या फिल्म्स आत्ताच गोळा करा. हे लपवून काही साधत नाही; एक्स-रेत ते दिसतंच. बायको गरोदर असेल तर एक्स-रेला पोटावर संरक्षक आवरण देतात किंवा तपासणी पुढे ढकलता येते. गोवर आणि कांजिण्यांसारख्या जिवंत लशी गरोदरपणात देत नाहीत, म्हणून त्या आधी घेतलेल्या बऱ्या.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवा केंद्रातून काढायचं. फी ५०० रुपये. स्थानिक पोलीस ठाण्याचा चारित्र्याचा दाखला याच्या जागी चालत नाही. व्हिसासाठी हे दोन वर्षं ग्राह्य धरतात, तेव्हा डीक्यूच्या वेळी अपलोड केलेलं पीसीसी मुलाखतीच्या दिवशी दोन वर्षांपेक्षा जुनं होणार असेल तर नवीन काढून सोबत न्यायचं, पुन्हा अपलोड करण्याची गरज नाही. पासपोर्टवरचा पत्ता सासरचा, राहणं माहेरी किंवा पुण्याला भाड्यानं, असं असेल तर पडताळणीला वेळ लागतो, कारण पोलिसांचा माणूस आधी कागदावरच्या पत्त्यावर जातो. सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या देशात बारा महिने किंवा जास्त राहिलेले असाल तर तिथलंही प्रमाणपत्र लागतं. रत्नागिरी-रायगडकडच्या ज्यांनी आखातात नोकरी केली आहे त्यांनी हे काम सगळ्यात आधी हाती घ्यावं. देश सोडल्यावर ते मिळवण्यात वेळ जातो आणि प्रत्येक देशाची पद्धत वेगळी असते. परराष्ट्र खात्याच्या साइटवर देशवार कागदांची यादी आहे, ती बघून मगच अर्ज करा.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिने हवी. वाट पाहताना तो संपत असेल तर बेलाशक नवीन करा, नंबर बदलल्याचं कळवा आणि मुलाखतीला जुना-नवा दोन्ही न्या.

नावांचा घोळ

महाराष्ट्रातल्या केसेस जिथे हमखास अडखळतात ती जागा ही. जन्मदाखल्यावर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतरच्या आधारवर नवऱ्याचं, पदवीवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर आणखी चौथंच. शिवाय काही घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात आणि ते लग्नपत्रिकेपुरतं न राहता रेशन कार्डावर चढतं. डीएस-२६० मध्ये ‘वापरलेली इतर नावं’ असा रकाना असतो. तिथे ही सगळी रूपं लिहा, स्पेलिंगमधल्या फरकांसकट. लिहिलेलं नाव अडचण करत नाही; न लिहिलेलं मुलाखतीत निघालं की प्रश्न सुरू होतात.

केस चालू असताना पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव चढवण्याचा मोह टाळलेला बरा. कायद्यानं ते बंधनकारक नाही, आणि व्हिसा पासपोर्टवरच्या नावानं निघतो. बदललंच असेल तर लग्नाचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, असेल ती, फाइलला जोडा.

जन्मदाखल्यात आणखी एक नेहमीची अडचण म्हणजे बाळाच्या नावाचा रकाना कोरा. बारशाच्या आधी नोंद झालेली असते, नंतर नाव घालायला कोणी जात नाही. शाळा सोडल्याचा दाखला आणि ओळखपत्रं घेऊन ज्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत नोंद आहे तिथल्या जन्म-मृत्यू निबंधकाकडे नाव चढवून घ्या. नोंदच नसेल तर त्याच कार्यालयाचं अनुपलब्धता प्रमाणपत्र, त्याला जोडून शाळेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. गावच्या कार्यालयात यासाठी दोन-चार खेपा होतात, म्हणून बंदचा काळ यासाठी सोन्यासारखा.

लग्नाचा दाखला विवाह निबंधकाचाच हवा. मंगल कार्यालयाची पावती, भटजींचं किंवा संस्थेचं प्रमाणपत्र हे पुरावा म्हणून जोडा, दाखला म्हणून नाही. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडची नोंद लागते. एकट्या चर्चच्या दाखल्यावर काम होत नाही. आधीचं लग्न मोडलेलं असेल तर कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, दोघांपैकी ज्याचं असेल त्याची. मराठी दाखल्यांना इंग्रजी भाषांतर जोडा आणि खाली भाषांतरकाराची सही घ्या की भाषांतर अचूक आहे आणि दोन्ही भाषा त्याला येतात.

अमेरिकेतल्या जोडीदाराचा वाटा

आय-८६४ एकदा सही केलं की आपोआप रद्द होत नाही, पण त्यामागचा पुरावा जुना होतो. वाट पाहताना १५ एप्रिल, म्हणजे अमेरिकेत टॅक्स रिटर्न भरण्याची मुदत, उलटला तर नव्या वर्षाचं टॅक्स ट्रान्सक्रिप्ट आणि अलीकडच्या पगारपावत्या मुलाखतीच्या फाइलमध्ये घाला. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे दोघांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर. ही रक्कम दरवर्षी बदलते. मधल्या काळात नोकरी गेली असेल तर मुलाखतीची वाट न पाहता जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे आर्थिक जबाबदारी घेणारा आणखी एक माणूस, शोधा. तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा, अमेरिकेत राहणारा असावा, आणि त्याचं स्वतंत्र आय-८६४, टॅक्सचे कागद व दर्ज्याचा पुरावा हवा. खिडकीवर ‘मामा तयार आहेत’ असं तोंडी सांगून भागत नाही.

अमेरिकन नागरिक जोडीदारासोबत राहायला भारतात आला असेल तर त्याचं अमेरिकेत घर आहे किंवा तो परत जाणार आहे हेही दाखवावं लागतं: बँक खातं, भाडेकरार, नोकरीचं पत्र, मुलांच्या शाळेचा प्रवेश, जे असेल ते. ग्रीन कार्डधारकानं तर भारतात किती दिवस काढतो याचा हिशेब ठेवलाच पाहिजे. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की नागरिकत्वासाठी मोजली जाणारी सलगता धोक्यात येते, आणि री-एन्ट्री परमिटशिवाय, म्हणजे परत येण्याच्या आगाऊ परवान्याशिवाय, वर्ष उलटलं की कार्डच धोक्यात येतं. तो परमिट अमेरिकेत असतानाच मागावा लागतो, इथून नाही.

याला महत्त्व अशासाठी, की एफ२ए वाल्यांकडे वाट कमी करण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय नागरिकत्व हाच आहे. एफ२ए मध्ये परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमधली तारीख आपल्या केसला लागू व्हावी लागते. नागरिकाच्या जोडीदाराला ती अट नाही. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की त्याची प्रत एनव्हीसीला पाठवायची, केस आयआर१ किंवा सीआर१ मध्ये बदलते. पण इथे एक खड्डा आहे. एफ२ए मध्ये मुलं आईच्या किंवा वडिलांच्या केसमध्येच येतात; नागरिकाच्या जोडीदाराच्या केसमध्ये येत नाहीत. प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० भरावा लागतो. हे विसरलं तर आईचा व्हिसा निघतो आणि मूल इथे राहतं. मूल वाट पाहण्याच्या काळात जन्मलं असेल आणि आई-वडिलांपैकी एकजण नागरिक असेल, तर आधी बघा की मूल जन्मानंच नागरिक आहे का. त्यासाठी त्या पालकाचं अमेरिकेत पाच वर्षं प्रत्यक्ष वास्तव्य, त्यातली दोन चौदाव्या वर्षानंतरची, असं लागतं. तसं असेल तर बाळाला इमिग्रंट व्हिसा लागत नाही; कॉन्सुलेटकडे परदेशातल्या जन्माची नोंद करायची.

लवकर तारीख मागायची असेल तर

घाईची विनंती मान्य होते ती जीवन-मरणाच्या वैद्यकीय कारणासाठी. रुग्णालयाच्या लेटरहेडवर निदान, प्रकृतीची सद्यस्थिती, उमेदवार तिथे असणं का गरजेचं आहे आणि डॉक्टरांचा संपर्क, एवढं असलेलं पत्र जोडा. विषयाच्या ओळीत केस नंबर लिहा. फाइल एनव्हीसीकडे असली तरी हो-नाही मुंबईच ठरवतं. ‘लग्नाला दोन वर्षं झाली, एकत्र राहिलो नाही’ हे दुःख खरं आहे, पण रांगेतल्या प्रत्येकाचं तेच आहे, आणि तेवढ्यावर तारीख मिळत नाही. तारीख ‘काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे द्यायला काहीच नसतं.

दुसऱ्या देशात मुलाखत हलवण्याचा मार्ग आता अरुंद झाला आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून राहत्या देशात किंवा नागरिकत्वाच्या देशातच मुलाखत द्यायची, असा नियम आहे. दुबईत खरोखर नोकरीला आणि राहायला असाल तर तिथल्या निवासाच्या कागदांसह विचारता येईल. नुसती गर्दी चुकवण्यासाठी नाही.

मध्येच पर्यटक व्हिसा मागावा का? मागता येतो, पण इमिग्रंट केस चालू असताना तो बहुधा नाकारतात. नकारानं मूळ केस मरत नाही. खोटं बोलण्यानं मरते: फॉर्मवर ‘माझ्यासाठी कोणीही पिटिशन (म्हणजे आय-१३०) भरलेलं नाही’ अशी खूण केलीत तर कायमची बंदी येऊ शकते.

नातं चालू असल्याचा पुरावा

आय-१३० सोबत लावलेले लग्नाचे फोटो मुलाखतीपर्यंत जुने झालेले असतात. मधल्या काळातल्या भेटींची तिकिटं, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, पैसे पाठवल्याच्या नोंदी, महिन्यागणिक मोजके कॉल लॉग, दोन्ही घरच्यांसोबतचे सणावाराचे फोटो, मागे तारीख-ठिकाण-नावं लिहून. दोनशे पानी चॅट कोणी वाचत नाही. कांदेपोह्यांनंतर तीन आठवड्यांत लग्न झालं असेल तर ते मुंबईच्या अधिकाऱ्यांना नवीन नाही. फक्त स्थळ कोणी आणलं, कोण-कोण भेटलं, साखरपुडा कुठे झाला, हे दोघांनीही सारखंच आणि सरळ सांगावं. मुलाखत मराठीतही देता येते. मोडक्या इंग्रजीत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा ते कधीही चांगलं.

पत्र आलं की

हाती मोजकेच आठवडे असतात. त्याच दिवशी मेडिकलची वेळ घ्या, पत्रात दिलेल्या साइटवर नोंदणी करा, पासपोर्ट परत कुठे हवा तो पत्ता भरा आणि पत्रात सांगितल्याप्रमाणे बायोमेट्रिक्सची वेळ ठरवा. मुलाखतीला अपलोड केलेल्या प्रत्येक दाखल्याचं मूळ आणि एक झेरॉक्स, दोन इंच बाय दोन इंचाचे दोन फोटो. मोबाइल आत नेता येत नाही. बरोबर आलेल्याकडे द्या. नोकरीचा राजीनामा आणि परत न मिळणारी तिकिटं व्हिसा हातात येईपर्यंत थांबवा, कारण ‘२२१ जी’ची चिठ्ठी मिळाली तर साइटवर ‘रिफ्यूज्ड’ असं दिसतं आणि काम लांबतं. घाबरू नका. बहुतेक वेळा एखादा कागद हवा असतो आणि तो द्यायला वर्षभराची मुदत असते.

व्हिसा मिळाला की प्रवासाआधी यूएससीआयएसची, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची, २३५ डॉलर फी ऑनलाइन भरा, नाहीतर ग्रीन कार्ड छापून येत नाही. आणि लग्नाची तारीख बघा. अमेरिकेत उतरण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली असतील, तर व्हिसावर सीआर१ छापलेलं असलं तरी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून आयआर१ अशी नोंद करून मागा. दोन वर्षांना आठवडा-दोन आठवडे कमी पडत असतील आणि व्हिसाची मुदत परवानगी देत असेल, तर तिकीट तेवढं पुढे ढकला. दहा वर्षांचं कार्ड मिळतं, आणि दोन वर्षांच्या कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढण्याचा अर्ज, भरण्याचं काम वाचतं.